कोल्हापुरात एजंटामार्फत घर घेताना आणि विकताना

कोल्हापुरात घर घ्यायचे ठरले की पहिला फोन बहुधा एजंटाला जातो, आणि त्यात गैर काही नाही. पेठांमधील जुनी घरे, राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातील बंगले, सानेगुरुजी वसाहत आणि फुलेवाडीकडील फ्लॅट, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उजळाईवाडी या गावांच्या हद्दीतील प्लॉट या सगळ्यांतील कितीतरी मालमत्ता जाहिरातीत कधी येत नाहीत. भावाभावांत वाटणी झाली, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, कर्ज फेडायचे आहे अशा कारणांनी त्या तोंडीच बाजारात येतात आणि तोंडीच विकल्या जातात. ही माहिती ज्याच्याकडे असते त्या माणसाला दलाली द्यावी, ती रास्तच आहे. मात्र ती नेमकी कोणत्या कामाची आहे, हे देणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवसापासून स्पष्ट असले पाहिजे. गिऱ्हाईक आणि मालक यांची गाठ घालणे, भाव जुळवणे आणि व्यवहार नोंदणीपर्यंत नेणे हे एजंटाचे काम आहे. मालकी हक्क तपासणे हे त्याचे काम नाही. एजंट ओळखीचा आहे म्हणून कागद बरोबरच असणार, या समजुतीवर व्यवहार करणे हा सर्वांत महाग पडणारा प्रकार आहे.

एजंट कोण, हे आधी पाहावे

नवीन बांधकाम प्रकल्पातील फ्लॅट दाखवणारा एजंट महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असणे कायद्याने बंधनकारक आहे. स्थावर संपदा कायदा (रेरा) २०१६ चा असून महाराष्ट्रात महारेराचे काम मे २०१७ पासून सुरू झाले. एजंटाचा नोंदणी क्रमांक ‘ए’ या अक्षराने आणि प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ या अक्षराने सुरू होतो. दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतात. एजंटाची नोंदणी पाच वर्षांसाठी असते, म्हणून क्रमांक खरा असला तरी मुदत संपलेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. नोंदणीशिवाय प्रकल्पातील सदनिका विकणाऱ्या एजंटाला दिवसाला दहा हजार रुपये आणि एकूण सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली, त्यामुळे सक्षमता प्रमाणपत्र मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

जुने घर, जुना फ्लॅट किंवा सुटा प्लॉट यांच्या फेरविक्रीत मात्र रेराचे हे छत्र बहुतांशी मिळत नाही, आणि कोल्हापुरात असे व्यवहार भरपूर होतात. तिथे एजंटाची पारख वेगळ्या रीतीने करावी लागते. गेल्या दोन-तीन वर्षांत त्याने नोंदणीपर्यंत नेलेल्या व्यवहारांतील एका घेणाऱ्याशी आणि एका विकणाऱ्याशी बोलण्याची परवानगी मागावी. जो एजंट नि:संकोचपणे नंबर देतो आणि ‘त्यांना आधी विचारतो’ म्हणतो, तो बरा. एजंट कोणत्या भागात काम करतो हेही महत्त्वाचे आहे. शिवाजी पेठेतील घरांचे बोळ, सामायिक भिंती आणि जुने भाडेकरू ज्याला पाठ आहेत, त्याला उजळाईवाडीतील बिगरशेती प्लॉटचे बारकावे ठाऊक असतीलच असे नाही. सगळे कोल्हापूर आपल्या हातात आहे असे सांगणाऱ्यापेक्षा दोन पेठा आणि एक उपनगर नीट जाणणारा एजंट निवडावा.

दलालीची बोली लेखी करावी

दलाली साधारणपणे व्यवहाराच्या रकमेच्या एक ते दोन टक्के असते आणि ती बहुतेकदा दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. कायद्याने ठरवलेला असा एकच दर नाही. ती बोलीची गोष्ट आहे, म्हणूनच ती घर पाहण्याआधी बोलावी. घर पसंत पडल्यानंतर बोलायला बसले की घेणाऱ्याचा हात दबलेला असतो.

बोली एका कागदावर उतरवावी. त्यासाठी वकिली भाषेची गरज नाही. पुढील मजकूर पुरेसा आहे: ‘श्री. अमुक यांनी मला दाखवलेल्या मालमत्तांची यादी सोबत जोडली आहे. यांपैकी एखाद्या मालमत्तेचे खरेदीपत्र माझ्या किंवा माझ्या कुटुंबीयांच्या नावे नोंद झाल्यास मी खरेदीच्या रकमेच्या इतके टक्के दलाली देईन. त्यातील अर्धी रक्कम खरेदीपत्राच्या दिवशी आणि उरलेली माझ्या नावाची नोंद मिळकत पत्रिकेवर अथवा सातबाऱ्यावर झाल्यावर देईन. कागदपत्रांतील दोषामुळे व्यवहार न झाल्यास दलाली देय राहणार नाही. ते समोरच्या पक्षाकडूनही दलाली घेणार असल्यास ती रक्कम मला आधी सांगतील.’ एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर दलालीवर अठरा टक्के कर लागतो. तो रकमेत धरलेला आहे की वर आहे, हेही याच कागदावर लिहावे.

संचकाराच्या, म्हणजे विसार देऊन खरेदीचा करार करण्याच्या, दिवशीच पूर्ण दलाली मागण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे. तिला ठामपणे नकार द्यावा. एजंटाचा खरा उपयोग संचकारानंतर सुरू होतो: मालकाच्या बहिणीची सही राहिली आहे, बँकेचा दाखला अडकला आहे, मोजणीची तारीख मिळत नाही. पैसे पूर्ण मिळालेला माणूस या कामांमागे धावत नाही, हा अनुभव सर्वांनाच आहे.

एक प्रकार विशेष जपावा. काही एजंट मालकाला ‘तुमच्या हातात किती पडले पाहिजेत’ असे विचारतात आणि त्यावरची सगळी रक्कम स्वतः ठेवतात. त्यांचे हित यामुळे उघडपणे भाव चढवण्यात असते आणि मालकाची खरी अपेक्षा घेणाऱ्याला कधीच कळत नाही. यावर उपाय एकच: भाव मालकाच्या तोंडून, एजंटाच्या उपस्थितीत, एकदा तरी ऐकावा.

घर पाहताना एजंटाला काय विचारावे

कोल्हापुरात पहिला प्रश्न पुराचा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, रमणमळा, व्हीनस कॉर्नर या भागांत पाणी शिरते हे कोल्हापूरकरांना माहीत असते, पण एकाच वसाहतीत पुढची गल्ली बुडते आणि मागची कोरडी राहते. म्हणून ‘या भागात पाणी येते का’ असे मोघम न विचारता ‘२०१९ ला या इमारतीच्या जिन्यात पाणी कुठवर होते आणि २०२१ ला कुठवर’ असे विचारावे. त्या भागात खरोखर काम करणारा एजंट पायरी दाखवतो.

तरीही स्वतः पाहावे. तळमजल्यावरील वीज मीटरची पेटी मूळ जागेवरून वर हलवलेली दिसते का, जिन्याखालच्या भिंतीला कमरेपर्यंतच नवा गिलावा आहे का, पार्किंगमधील खांबांवर रंग एका रेषेपाशी बदलतो का, लाकडी चौकटी खालून फुगलेल्या आहेत का, या खुणा नव्या रंगाने पूर्ण झाकत नाहीत. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे. त्याने माल कोणत्या फळीपर्यंत उचलला होता, हे तो नेमके सांगतो. यासोबत जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषाही पाहाव्यात. निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामावर बंदी असते, आणि निळ्या व लाल रेषेच्या मध्ये अटी लागतात. जुने घर पाडून पुन्हा बांधण्याच्या इराद्याने घेणाऱ्यांनी नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. घराचा भाव जुन्या भिंतींचा नसतो, त्या जागी पुढे काय बांधता येईल त्याचा असतो.

दुसरा प्रश्न हद्दीचा. महापालिकेची हद्द आणि भोवतालच्या गावांची हद्द डोळ्यांनी कळत नाही. रस्ता तोच, दुकाने तीच. पण घरफाळा कुणाकडे भरायचा, बांधकाम परवानगी कुणाची, मुद्रांक शुल्काचा दर कोणता, पाणी कुठून येणार, हे सगळे हद्दीवर ठरते. शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्या गावांत घर किंवा प्लॉट घेताना केवळ ग्रामपंचायतीचा उतारा पुरेसा समजू नये, प्राधिकरणाची मंजुरी पाहावी. शहरात २०२३ पासून काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचे पाणी येऊ लागले असले तरी प्रत्येक वसाहतीला ते कोणत्या दाबाने आणि किती वेळ मिळते, हे वेगवेगळे आहे. पाण्याचा अंदाज घ्यायचा तर घर संध्याकाळी आणि एकदा उन्हाळ्यातही पाहावे. मे महिन्यात टँकर उभा दिसला की उत्तर मिळाले.

क्षेत्रफळाबाबत एजंटाने सांगितलेला आकडा कार्पेटचा, म्हणजे घराच्या आतील वापरायच्या जागेचा, आहे की विक्रीयोग्य म्हणवल्या जाणाऱ्या क्षेत्राचा, हे विचारून घ्यावे. रेराखाली विक्री कार्पेट क्षेत्रावरच करायची आहे. फेरविक्रीत फीत घेऊन खोल्या मोजायला कुणी अडवत नाही.

कागद स्वतःच्या वकिलाकडे द्यावेत

एजंट ‘आमचा वकील आहे, तोच सगळ्यांचे करतो’ असे सांगेल. त्या वकिलाबद्दल मनात शंका नसली तरी वकील आपला असावा, त्याची फी आपण द्यावी आणि त्याने आपल्याच नावे शोध अहवाल लिहून द्यावा. बँक कर्ज देते म्हणजे हक्क निर्वेध आहे असेही मानू नये. बँकेच्या वकिलाचा अहवाल बँकेच्या सुरक्षिततेसाठी असतो.

शहरातील मालमत्तेसाठी पहिला कागद म्हणजे मिळकत पत्रिका, सिटी सर्व्हेचा मालकी दाखवणारा उतारा. कोल्हापुरात सिटी सर्व्हे क्रमांक वॉर्डनिहाय असतो, त्यामुळे क्रमांकासोबत ए, बी, सी, डी किंवा ई वॉर्ड लिहिलेला नसेल तर तो अपुरा आहे. मिळकत पत्रिका डिजिटल स्वाक्षरीसह महाभूमीच्या संकेतस्थळावरून घेता येते. एजंटाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. पत्रिका खालून वर वाचण्याची सवय लावावी. सर्वांत शेवटची नोंद आजच्या मालकाची. त्या ओळीत व्यवहार कसा झाला, खरेदीने, वारसाने की वाटणीने, आणि शेवटी साक्षांकन आहे का, ते पाहावे. मग एकेक ओळ वर जावे. ‘नवीन धारक, पट्टेदार किंवा भार’ या रकान्यात ‘भा’ दिसले की तो बोजा आहे. कोल्हापुरात सहकारी बँका आणि पतसंस्था मुबलक असल्याने असा बोजा नित्याचा आहे. कर्ज फिटलेले असूनही बोजा कमी करून घेतलेला नाही, असेही पुष्कळदा आढळते. पण ‘फिटले आहे’ हे तोंडी ऐकून चालत नाही, संस्थेचा दाखला आणि बोजा कमी झाल्याची नोंद दोन्ही हवीत. धारणाधिकाराच्या रकान्यात ‘बी’ असे अक्षर असल्यास हस्तांतरणावर शर्त आहे का, ते वकिलाकडून पाहून घ्यावे.

वारसाने आलेल्या घरात बहिणींची नावे शोधावीत. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पेठेतील घरात भाऊ राहतात आणि बहिणी सासरी असतात. ‘त्यांचे काही म्हणणे नाही’ असे एजंट सांगतो आणि त्याला तसे खरोखर वाटतही असते. परंतु नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीपत्रावर त्यांची सही, यांखेरीज तिसरा पर्याय नाही. मी तर असे सुचवेन की बहिणींना स्वतः भेटावे; अनेकदा त्यांचे म्हणणे असते, फक्त त्यांना कुणी विचारलेले नसते.

प्लॉटसाठी सातबारा, आठ-अ, फेरफार आणि बिगरशेतीचा आदेश पाहावा. इथल्या दस्तांत ‘रि.स.नं.’ (रिव्हिजन सर्व्हे नंबर) म्हणून येणारा क्रमांक सातबाऱ्यावरील गटाशी आणि मंजूर रेखांकनातील प्लॉट क्रमांकाशी जुळवून घ्यावा. ‘इतर हक्क’ हा रकाना सगळ्यात आधी वाचावा. त्यात देवस्थान इनामाचा उल्लेख असेल तर तिथेच थांबावे. करवीर भागात देवस्थानच्या जमिनी बऱ्याच आहेत, त्या खासगी खरेदीपत्राने हस्तांतरित होत नाहीत, आणि स्वस्त भाव हेच त्यांचे पहिले लक्षण असते. गुंठ्याने पाडलेल्या तुकड्यांना १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि २००१ चा गुंठेवारी कायदा लागू होतात. या नियमांत वेळोवेळी बदल झालेले आहेत, म्हणून शेजारच्याचा प्लॉट नियमित झाला हे आपल्या प्लॉटचे प्रमाण ठरत नाही.

फ्लॅट असेल तर मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आहे की सोसायटी आहे हे पाहावे. अपार्टमेंट असल्यास घोषणापत्र नोंदलेले आहे का आणि मालकाच्या नावे अपार्टमेंट डीड झाले आहे का, हे विचारावे. वर्षानुवर्षे नुसत्या करारावर राहणारे लोक शहरात आहेत. घरफाळा आणि पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचे दाखले याच वेळी घ्यावेत.

संचकार

संचकार म्हणजे मालकी नव्हे. कराराने हक्क मिळत नाही, तो खरेदीपत्रानेच मिळतो, म्हणून संचकाराची रक्कम आटोपशीर ठेवावी. प्रकल्पातील फ्लॅटसाठी तर नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेताच येत नाही. फेरविक्रीतही संचकारपत्र नोटरीवर न थांबवता नोंदवावे. नोटरी केलेला कागद दुय्यम निबंधकांच्या सूचीत दिसत नाही, म्हणजे त्याच घराचा संचकार दुसऱ्या कुणाला दिला तर त्याच्या वकिलाला शोधात काहीच सापडणार नाही, आणि तुमच्या आधी कुणाला दिलेला असेल तर तुमच्या वकिलालाही नाही. हीच उणीव वापरून काही मध्यस्थ मालकाकडून स्वतःच्या नावे संचकार करून घेतात आणि भाव वाढवून तो पुढे फिरवतात. संचकारपत्रावर ‘लिहून देणार’ म्हणून ज्याचे नाव आहे, तेच नाव मिळकत पत्रिकेवर आहे का, एवढे पाहिले तरी हा प्रकार उघडा पडतो.

रक्कम बँकेमार्फत आणि मालकाच्याच खात्यात द्यावी. एजंटाच्या खात्यात टोकन म्हणूनही देऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड त्या रकमेइतकाच असू शकतो. ‘काही पांढरे, काही काळे’ अशी सूचना आली तर ती नाकारावी. त्यात कर्ज कमी मिळते, पुढे विकताना भांडवली नफा फुगतो आणि वाद झाला तर रोखीने दिलेला भाग सिद्ध करता येत नाही.

संचकारानंतर वकिलामार्फत स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर नोटीस द्यावी आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत पुढचा हप्ता देऊ नये, ही अट संचकारपत्रातच असावी.

विकणाऱ्यांसाठी

एकाच वेळी सगळ्या एजंटांना घर सांगितले की ते लवकर विकले जाईल, हा समज चुकीचा आहे. तेच घर पाच जणांकडून पाच भावांनी ऐकू आले की गिऱ्हाईकाला मालक अडचणीत असल्याचा वास येतो. एक किंवा फार तर दोन एजंट नेमावेत आणि तीन महिन्यांसारखी मुदत लिहून द्यावी. मूळ दस्त कुणाच्याही हाती देऊ नयेत; झेरॉक्सवर ‘केवळ पाहण्यासाठी’ असे तिरके लिहून सही व तारीख टाकावी. वटमुखत्यारपत्र एजंटाच्या नावे करू नये, परगावी राहत असाल तरी. सही करायला एक दिवस यावे.

भाव ठरवताना वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, आधी पाहावा, कारण मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि हे मूल्य यांपैकी जे अधिक त्यावर लागते. मालमत्ता २४ महिन्यांहून अधिक काळ ताब्यात असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो; २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीय व्यक्तीला साडेबारा टक्के किंवा महागाई निर्देशांकासह वीस टक्के यांपैकी लाभाचा पर्याय निवडता येतो. हा हिशेब चार्टर्ड अकाउंटंटकडून संचकाराआधी करून घ्यावा.

नोंदणी आणि त्यानंतर

किंमत पन्नास लाख किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो; विकणारा अनिवासी असेल तर नियम वेगळा आणि दर बराच जास्त आहे. नोंदणी फी एक टक्का असून ती तीस हजार रुपयांपेक्षा जास्त लागत नाही. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास राहण्याच्या मालमत्तेवर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे एजंट बऱ्याचदा सांगायचे राहून जाते. दुय्यम निबंधकांसमोर जाण्याआधी मसुद्यातील चतुःसीमा मालकासह प्रत्यक्ष जागेवर उभे राहून वाचाव्यात: पूर्वेला कोण, दक्षिणेला रस्ता की बोळ, सामायिक भिंत कुणाची. जुन्या दस्तातील चतुःसीमा तशाच उतरवल्या जातात आणि त्यांतील शेजारी केव्हाच बदललेले असतात.

खरेदीपत्र झाल्यावर सूची क्रमांक दोनची (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, इंडेक्स टू) प्रत घ्यावी, नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे नोंदीचा अर्ज गेला आहे का ते पाहावे, महापालिकेत घरफाळ्यावर आणि महावितरणकडे मीटरवर नाव बदलून घ्यावे. ही कामे करून देण्याचे एजंटाने बोलीत कबूल केलेले असेल, तर राखून ठेवलेली अर्धी दलाली मिळकत पत्रिकेवर आपले नाव साक्षांकित झालेले पाहून त्याच दिवशी, बँकेमार्फत आणि पावती घेऊन त्याला द्यावी.